डीएनएस झोन म्हणजे काय आणि तो कमांड लाइनवरून कसा सांभाळायचा? (गुगल क्लाउडच्या उदाहरणासह)

डोमेन विकत घेतलं, वेबसाइट पण तयार आहे, मग नाव टाइप केल्यावर साइट उघडत का नाही? पहिल्यांदा वेबसाइट करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतं : डीएनएस झोनमध्ये. या लेखात आपण झोन म्हणजे काय, तो क्लाउडवर कसा तयार करायचा, त्यात रेकॉर्ड कसे भरायचे, बदलायचे आणि चालू साइट बंद न पाडता दुसरीकडे कसे हलवायचे, हे बघू.

मी रोज ऑफिसमध्ये हेच काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते. लॅपटॉप नसला तरी चालेल, फोनवरूनही यातलं बरंच करता येतं.

एक सूचना आधीच. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, म्हणजे वाचतानाच अर्थ लागेल. टर्मिनलमध्ये मात्र इंग्रजी स्मॉल अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाइप करायचे. डॅश, बरोबरचं चिन्ह आणि टिंब जिथे दिसतंय तिथेच द्यायचं. रेकॉर्डचे प्रकार (ए, एमएक्स वगैरे) कॅपिटलमध्ये.

आधी थोडी पार्श्वभूमी

इंटरनेटवरचे कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, उदाहरणार्थ २०३.०.११३.१०. आपल्याला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं. नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस.

सुरुवातीच्या काळात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्या कॉम्प्युटरांची एकच यादी ठेवलेली असायची आणि सगळे ती फाइल उतरवून घ्यायचे. नेटवर्क वाढलं तशी ही पद्धत पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आज वापरात असलेले मूळ नियम १९८७ चे आहेत. म्हणजे इन्स्टाग्रामचं रील उघडताना आपला फोन आजही जवळपास चाळीस वर्षं जुन्या नियमांनी नाव शोधतो.

यातली मुख्य कल्पना वाटणीची आहे. सगळी यादी एकाकडे नाही. सगळ्यात वर रूट सर्व्हर, त्यांना '.कॉम' किंवा '.इन' कोण सांभाळतं एवढंच माहीत. '.कॉम'वाल्यांना तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते एवढंच माहीत. आणि खरी माहिती त्या नेमसर्व्हरवर. सातबाऱ्यासारखं समजा : राज्याच्या ऑफिसात तुमच्या शेताचा उतारा शोधत बसत नाहीत, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव.

तुमच्या वाट्याला आलेला हा जो भाग, त्याची नोंदवही म्हणजे झोन. त्यातली एकेक ओळ म्हणजे रेकॉर्ड.

कोणते रेकॉर्ड माहीत हवेत?

- ए : नावाचा आयपी पत्ता. नव्या लांब पत्त्यांसाठी चार ए असलेला 'एएएए'.
- सीनेम : 'हे नाव म्हणजे ते दुसरं नाव'. झोनच्या मुळाशी, म्हणजे नुसत्या एक्झाम्पल.कॉमवर हा ठेवता येत नाही, कारण तिथे एनएस आणि एसओए असतातच आणि सीनेमला शेजारी चालत नाही.
- एमएक्स : या डोमेनची ईमेल कुठे पोचवायची.
- टीएक्सटी : मोकळा मजकूर. मेल खोटी नाही हे सांगणारा एसपीएफ, डोमेन तुमचंच आहे याचा पुरावा, वगैरे.
- एनएस : या झोनचे नेमसर्व्हर.
- एसओए : झोनची मूळ नोंद. त्यातला अनुक्रमांक बदलांचा माग ठेवतो.

प्रत्येक रेकॉर्डला टीटीएल असतो, सेकंदांत. टीटीएल ३०० म्हणजे वाटेतले सर्व्हर हे उत्तर पाच मिनिटं लक्षात ठेवतील, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. हा आकडा नीट लक्षात ठेवा, पुढे फार कामाचा आहे.

रजिस्ट्रार वेगळा, झोन वेगळा

इथे खूप जणांचा गोंधळ होतो. डोमेन ज्याच्याकडून विकत घेतलं तो रजिस्ट्रार. झोन मात्र कुठेही ठेवता येतो : रजिस्ट्रारकडेच, गुगल क्लाउडवर, ॲमेझॉनच्या रूट ५३ वर, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर. (रूट ५३ हे नाव डीएनएसच्या पोर्ट क्रमांकावरून आलंय, तो ५३ आहे.) रजिस्ट्रारकडे फक्त एवढंच सांगायचं असतं की माझे नेमसर्व्हर हे हे आहेत.

मग कमांड लाइन कशाला, वेबसाइटवर बटणं आहेत की? आहेत, आणि दोनचार रेकॉर्डसाठी पुरेशी आहेत. पण चाळीस रेकॉर्ड असले की बटणं दाबत बसण्यात चूक होतेच. कमांड फाइलमध्ये जपून ठेवता येते, दुसऱ्याला तपासायला देता येते आणि गेल्या वेळी नेमकं काय केलं होतं ते नंतर वाचता येतं.

तयारी

गुगल क्लाउडवर क्लाउड शेल नावाचं टर्मिनल ब्राउजरमध्येच उघडतं. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, 'जीक्लाउड' ही कमांड तिथे तयार असते आणि तुमच्या फाइलींसाठी ५ जीबी जागा मिळते. गुगल क्लाउडच्या मोबाइल ॲपमधूनही ते उघडता येतं. बिलिंग चालू असलेला एक प्रोजेक्ट मात्र लागतो. हा लेख लिहिताना पहिल्या २५ झोनपर्यंत दर महिना प्रत्येकी ०.२० डॉलर आणि दर दहा लाख प्रश्नांमागे ०.४० डॉलर असा दर आहे. छोट्या साइटला चहाच्या बिलाएवढाच खर्च, पण झोन करण्याआधी दर एकदा बघून घ्या.

प्रोजेक्टमध्ये डीएनएस सेवा चालू करा :

जीक्लाउड सर्व्हिसेस एनेबल डीएनएस.गुगलएपीआयज.कॉम

झोन तयार करणे

जीक्लाउड डीएनएस मॅनेज्ड-झोन्स क्रिएट माझा-झोन --डीएनएस-नेम=एक्झाम्पल.कॉम. --डिस्क्रिप्शन="दुकानाची साइट" --व्हिजिबिलिटी=पब्लिक

'माझा-झोन' हे फक्त तुमच्या सोयीचं नाव. खरं डोमेन 'डीएनएस-नेम' पुढे. डोमेनच्या शेवटी एक टिंब आहे ते बघा. त्याचा अर्थ 'नाव इथे संपलं'. झोन फाइलमध्ये हे टिंब राहिलं तर नाव अर्धवट धरलं जातं आणि पुढे झोनचं नाव परत चिकटतं, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम असलं काहीतरी तयार होतं. म्हणून पूर्ण नाव लिहिलं की टिंब द्यायचंच, सवयच लावून घ्या.

झोन तयार झाला की एनएस आणि एसओए रेकॉर्ड आपोआप येतात. तुम्हाला कोणते चार नेमसर्व्हर मिळाले ते असं बघा :

जीक्लाउड डीएनएस मॅनेज्ड-झोन्स डिस्क्राइब माझा-झोन

हीच चार नावं नंतर रजिस्ट्रारकडे भरायची. नंतर, आत्ता नाही. का ते पुढे येतंय.

रेकॉर्ड घालणे आणि बदलणे

जीक्लाउड डीएनएस रेकॉर्ड-सेट्स क्रिएट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम. --झोन=माझा-झोन --टाइप=ए --टीटीएल=३०० --आरआरडेटाज=२०३.०.११३.१०

'आरआरडेटाज' हा एकच शब्द आहे, दोन आर आणि पुढे डेटाज. सगळे रेकॉर्ड बघायला :

जीक्लाउड डीएनएस रेकॉर्ड-सेट्स लिस्ट --झोन=माझा-झोन

बदलायचं असेल तर 'क्रिएट'च्या जागी 'अपडेट', काढायचं असेल तर 'डिलीट' (डिलीटला फक्त नाव, झोन आणि टाइप पुरतो).

आता 'अपडेट'मधला एक धोका. कमांडच्या नावात 'सेट' आहे, कारण एका नावाचे एका प्रकारचे सगळे रेकॉर्ड हा एक गठ्ठा मानला जातो. अपडेट केलं की पूर्ण गठ्ठा बदलतो. समजा मुळाशी एसपीएफचा टीएक्सटी रेकॉर्ड आहे आणि तुम्हाला डोमेन पडताळणीचा अजून एक घालायचाय. क्रिएट केलं तर 'आधीच आहे' असं उत्तर येतं. मग अपडेटमध्ये फक्त नवीन मजकूर दिला की एसपीएफ गायब! साइट छान चालू राहते, मेल मात्र लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागतात, आणि ते कळायला आठवडा जातो. त्यामुळे अपडेट करताना जुनी आणि नवी, दोन्ही मूल्यं स्वल्पविरामाने एकत्र द्यायची.

एकदम अनेक बदल : ट्रान्झॅक्शन

तीन रेकॉर्ड काढायचे आणि चार घालायचे, आणि अर्धवट स्थिती एक क्षणही नको, तर ट्रान्झॅक्शन वापरा :

जीक्लाउड डीएनएस रेकॉर्ड-सेट्स ट्रान्झॅक्शन स्टार्ट --झोन=माझा-झोन

यानंतर 'ट्रान्झॅक्शन रिमूव्ह' आणि 'ट्रान्झॅक्शन ॲड' हव्या तितक्या वेळा द्या. हे सगळं आधी तुमच्याकडे एका छोट्या फाइलमध्ये साठतं, झोनला अजून हात लागलेला नसतो. 'ट्रान्झॅक्शन डिस्क्राइब'ने यादी वाचून घ्या. बरोबर वाटलं तर 'ट्रान्झॅक्शन एक्झिक्यूट', नाहीतर 'ट्रान्झॅक्शन अबॉर्ट'. एक्झिक्यूट केल्यावर सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही. रिमूव्ह करताना जुना टीटीएल आणि मूल्य जसंच्या तसं द्यावं लागतं, एका आकड्याचा फरक पडला तरी नकार येतो.

चालू साइटचा झोन हलवायचा असेल तर

हाच सगळ्यात नाजूक भाग. क्रम महत्त्वाचा आहे :

१. जुन्या ठिकाणचे सगळे रेकॉर्ड फाइलमध्ये उतरवून घ्या. बहुतेक ठिकाणी झोन फाइल एक्स्पोर्ट करायची सोय असते.

२. जुन्या झोनमधले टीटीएल कमी करा, समजा ३००. आधी ८६४०० होता तर त्यानंतर एक पूर्ण दिवस थांबा, कारण जुनं उत्तर तेवढा वेळ वाटेतल्या सर्व्हरांना आठवत असतं.

३. नवीन झोन तयार करा आणि फाइल आत घ्या :

जीक्लाउड डीएनएस रेकॉर्ड-सेट्स इम्पोर्ट झोन.टीएक्सटी --झोन=माझा-झोन --झोन-फाइल-फॉरमॅट

४. नव्या नेमसर्व्हरला थेट विचारून तपासा. 'डिग' ही कमांड त्यासाठी आहे, अँड्रॉइडवर टर्मक्स ॲपमध्ये 'डीएनएसयूटिल्स' पॅकेज घातलं की मिळते. डिग, मग नाव, मग प्रकार, आणि शेवटी @ लावून नेमसर्व्हरचं नाव. जुन्या आणि नव्या सर्व्हरची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून जुळवा.

५. जुन्या झोनला डीएनएसएसईसी चालू असेल, तर रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड आधी काढा आणि त्याचा टीटीएल संपू द्या. जुना डीएस आणि नवा झोन यांच्या सह्या जुळत नाहीत, आणि सह्या तपासणारे सर्व्हर मग तुमच्या डोमेनचं कुठलंच उत्तर देत नाहीत.

६. आता, या टप्प्यावर, रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदला.

७. जुना झोन निदान दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. काही लोक अजून तिकडेच विचारत असतात.

घाईत सहावी पायरी पहिली केली की एमएक्स रेकॉर्डशिवायचा रिकामा झोन जगासमोर येतो आणि त्या वेळात आलेली मेल पाठवणाऱ्याकडे परत जायला लागते.

झोनची किल्ली कोणाकडे आहे?

माझ्या मैत्रिणीच्या काकांचा मालवणजवळ होमस्टे आहे. साइट एका ओळखीच्या डिझायनरने करून दिली होती, आणि झोन त्याच्याच खात्यात. मार्चमध्ये काकांना मेलची सेवा बदलायची होती, म्हणजे फक्त एमएक्स रेकॉर्ड बदलायचा. डिझायनरचा फोन बंद, मेलला उत्तर नाही. मे महिन्याचं बुकिंग सुरू झालेलं आणि अर्ध्याहून जास्त चौकशी मेलवर येणारी.

नशिबाने रजिस्ट्रारचं लॉगिन काकांच्या नावावर होतं. त्यामुळे मार्ग निघाला : नवा झोन करायचा आणि जुन्यातले रेकॉर्ड बाहेरून शोधून भरायचे. पण इथे एक अडचण असते. डिगने एखादं नाव माहीत असेल तर त्याचं उत्तर मिळतं, 'झोनमध्ये काय काय आहे ते सांग' असं मात्र विचारता येत नाही. पूर्ण यादी देणं सुरक्षेसाठी बहुतेक सर्व्हरवर बंद असतं.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. काकांचे जुने व्हॉट्सॲप मेसेज आणि मेल चाळून कुठकुठल्या लिंक पाठवल्या होत्या ते काढलं. आणि सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदी पाहिल्या. एचटीटीपीएससाठी दिलेल्या सर्टिफिकेटची नोंद तिथे सगळ्यांना बघायला खुली असते, त्यात सबडोमेनांची नावं दिसतात. 'बुकिंग' नावाचं एक सबडोमेन काकांच्याही लक्षात नव्हतं, ते तिथे सापडलं. सगळं जुळवून नेमसर्व्हर बदलले, दुसऱ्या दिवशी मेल नव्या ठिकाणी यायला लागल्या.

रजिस्ट्रारचं खातंही त्या डिझायनरकडेच असतं तर डोमेन आपलं आहे हे कागदपत्रांनी सिद्ध करत बसावं लागलं असतं, आणि तोवर सीझन संपला असता. म्हणून घरच्यांची, दुकानाची, मंडळाची साइट कोणी करून देत असेल तर रजिस्ट्रार आणि क्लाउड, दोन्ही खाती मालकाच्या मेलवर काढा. करून देणाऱ्याला वेगळी परवानगी द्या. गुगल क्लाउडमध्ये डीएनएस ॲडमिनिस्ट्रेटर ही भूमिका बदल करायला आणि डीएनएस रीडर ही फक्त बघायला आहे. काम संपलं की परवानगी काढून घेता येते.

विसरलेला सीनेम

'ऑफर' नावाचं सबडोमेन सीनेमने एखाद्या बाहेरच्या सेवेकडे वळवलेलं. सेवा बंद केली, रेकॉर्ड तसाच राहिला. काही सेवांवर तेच सोडलेलं नाव दुसरा कोणी घेऊ शकतो, आणि मग तुमच्या डोमेनखाली त्याचं पान दिसतं, पेमेंटचं खोटं पानसुद्धा. म्हणून आधी रेकॉर्ड काढायचा, मग सेवा बंद करायची. आणि सहा महिन्यांतून एकदा 'लिस्ट' कमांड चालवून प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते विचारायचं.

मराठी डोमेन असेल तर

२०१४ पासून '.भारत' हे देवनागरी डोमेन मिळतं, मराठी, हिंदी, कोकणी अशा भाषांसाठी. डीएनएसमध्ये मात्र ते इंग्रजी अक्षरांतच साठवलं जातं, या रूपाला प्युनीकोड म्हणतात. 'भारत'चं प्युनीकोड आहे एक्सएन--एच२बीआरजे९सी. कमांडमध्ये हेच रूप वापरा.

एक बारकावा खास आपल्यासाठी. 'किनाऱ्यावर'मधला 'ऱ्या' दोन पद्धतींनी टाइप होऊ शकतो : नुक्त्याचा 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'नंतर न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना एकच, कॉम्प्युटरला वेगळं. म्हणून प्युनीकोड दरवेळी नव्याने काढू नका. नोंदणीच्या वेळी मिळालेलं रूप जपून ठेवा आणि तेच सगळीकडे पेस्ट करा.

मोठ्यांचंही अडतं

४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक एकदम बंद पडलं होतं, आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्क तुटलं. मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपल्याकडे येणारे रस्ते स्वतःच मागे घेतले, आणि जगाला फेसबुकचं नावच सापडेना. सुमारे सहा तास. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या क्लाउडवर डायनॅमोडीबी या सेवेचा डीएनएस रेकॉर्ड स्वयंचलित यंत्रणेतल्या दोषामुळे रिकामा झाला आणि त्यावर चालणारी कितीतरी ॲप अडकली.

दुसऱ्या क्लाउडवर

कल्पना सगळीकडे हीच, शब्द वेगळे. ॲझ्युरवर सुरुवात 'एझेड नेटवर्क डीएनएस झोन क्रिएट'ने होते. रूट ५३ वर झोनला 'होस्टेड झोन' म्हणतात आणि बदल जेसॉन फाइलमध्ये लिहून द्यायचे असतात. तिथे 'अपसर्ट' म्हणजे नसेल तर घाल, असेल तर बदल. गठ्ठ्याचा नियम तिथेही लागू.

बदल करण्याआधी हे बघा

- आजची झोन फाइल एक्स्पोर्ट केली का? ('इम्पोर्ट'च्या जागी 'एक्स्पोर्ट', बाकी कमांड तीच.)
- टीटीएल आधीच कमी केलाय का?
- पूर्ण नावांच्या शेवटी टिंब आहे का?
- अपडेटमध्ये गठ्ठ्यातली सगळी मूल्यं आहेत का?
- एमएक्स आणि टीएक्सटी जुन्याशी जुळतात का?
- काम झाल्यावर टीटीएल परत वाढवायचं लक्षात आहे का?

झोन कायमचा काढायचा असेल तर आधी एनएस आणि एसओए सोडून बाकी रेकॉर्ड काढावे लागतात, भरलेला झोन 'डिलीट' होत नाही. आणि तोच झोन पुन्हा तयार केला तर नेमसर्व्हरांची नावं वेगळी मिळू शकतात, तेव्हा रजिस्ट्रारकडे परत बदल करावा लागेल. सरावासाठी एखादं स्वस्तातलं रिकामं डोमेन घ्या, त्यावर हवं तितकं मोडा आणि जोडा. ज्या डोमेनवर कोणाचं बुकिंग येतंय, त्यावर पहिला प्रयोग करू नका.